‘सिप्प’ आणि ‘कला’ : एका शब्दार्थाचा प्रवास

आज ‘कला’ हा शब्द उच्चारताच चित्र, मूर्ती, संगीत, नृत्य आणि काव्य आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. टोपली विणणारा, मडके घडविणारा वा चामडे कमावणारा मनुष्य मात्र ‘कारागीर’ ठरतो. त्याला सहसा कोणी कलावंत म्हणत नाही. हा भेद इतका अंगवळणी पडला आहे की तो अनादिकालापासून चालत आला असावा, असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. पाली साहित्याच्या आधारे या अर्थाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राचीन पाली सुत्तांत ‘कला’ हा शब्द प्रामुख्याने अंश, विशेषतः सोळावा हिस्सा, या अर्थाने येतो. आज आपण ज्याला कला म्हणतो त्यासाठी पालीत ‘सिप्प’ हा शब्द आहे. संस्कृत ‘शिल्प’ या शब्दाचे हे पाली रूप होय. मराठीत ‘शिल्प’ म्हणजे मुख्यतः कोरलेली वा घडविलेली मूर्ती. पालीतील सिप्पाची व्याप्ती मात्र फार मोठी आहे. शिकून आणि सरावाने साध्य केलेले कोणतेही कौशल्य म्हणजे सिप्प. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात राजा अजातशत्रू भगवंतांसमोर सिप्पांची यादी ठेवतो. तीत हत्तीस्वार, रथी, आचारी, न्हावी, माळी, परीट, विणकर, बुरूड, कुंभार आणि गणक एकाच रांगेत येतात. हे सर्वजण आपल्या सिप्पाचे फळ याच जन्मी उपभोगतात, तसे श्रामण्याचे प्रत्यक्ष फळ कोणते, असा त्याचा प्रश्न आहे. ‘मिलिन्दपञ्हा’त राजा मिलिन्द एकोणीस सिप्पांत पारंगत असल्याचे सांगितले असून त्यांत संगीताबरोबर वैद्यक, गणित आणि धनुर्विद्याही आहे. मंगलसुत्तात तर सिप्पाची गणना उत्तम मंगलांत केली आहे.

युरोपातही प्रारंभी स्थिती अशीच होती. ग्रीक ‘टेक्नी’ आणि लॅटिन ‘आर्स’ या शब्दांचा अर्थ कौशल्य असाच होता. मध्ययुगातील सात उदार विद्यांत व्याकरण, भूमिती आणि खगोल यांना स्थान होते, चित्रकलेला नव्हते. १७४६ मध्ये फ्रान्समध्ये शार्ल बातो याने संगीत, काव्य, चित्र, मूर्ती व नृत्य यांचा वेगळा गट कल्पून ‘सुंदर निसर्गाचे अनुकरण’ हे त्यांचे समान तत्त्व मानले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॉल्स्टॉयने कला म्हणजे एकाने अनुभवलेल्या भावनेचे दुसऱ्यात संक्रमण, अशी व्याख्या केली. १९१७ मध्ये मार्सेल द्युशाँ याने बाजारात मिळणारे मुतारीचे भांडे न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी पाठविले. संयोजकांनी ते मांडले नाही. तथापि कलावंत ज्याची निवड करतो ती कला, हा विचार त्यातून पुढे बळावला. भारतात इंग्रजी अमदानीत कलाशाळा निघाल्या. मुंबईची शाळा १८५७ ची. ‘ललित कला’ आणि ‘कारागिरी’ अशी विभागणी आपल्याकडेही रूढ झाली.

या विभागणीला येथे तयार जमीन मिळाली, ती जातीची. युरोपात प्रश्न प्रतिष्ठेचा होता. येथे हाताचे काम जन्माशी जखडलेले होते. जातीने कामांबरोबर माणसांचीही वाटणी करून त्यांना उतरंडीवर बसविले, हे पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवून दिले.

बुद्धकाळीही सिप्पांत उच्चनीचभाव होता, हे लपविण्याचे कारण नाही. विनयपिटकातील पाचित्तिय नियमांत निंदाव्यंजक बोलण्यासंबंधी एक नियम आहे. त्याच्या विवरणात बुरूड, कुंभार, विणकर, चर्मकार आणि न्हावी यांची सिप्पे ‘हीन’, तर मोजणी, गणित आणि लेखन ही ‘उत्कृष्ट’ अशी नोंद आहे. परंतु दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. एक, निरनिराळ्या प्रदेशांत जे जे तुच्छ लेखले जाते ते ते हीन, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे हीनत्व त्या कामात नसून पाहणाऱ्या समाजाच्या दृष्टीत आहे. दुसरी, ही यादी सिप्पावरून कोणाला हिणविणाऱ्या भिक्षूला दोषी ठरविण्यासाठी आहे. शिवाय परंपरेनुसार राजगृहाच्या पहिल्या संगीतीत ज्यांच्या मुखातून विनयाचे संगायन झाले ते स्थविर उपाली स्वतः नाभिक होते. ज्याच्या सिप्पाला समाज हीन म्हणत होता, त्याच्याच स्वाधीन संघाने आपला विनय केला.

लेण्या आणि स्तूपही हीच साक्ष देतात. सांचीच्या महास्तूपाच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी तेथील रूपकाम केल्याचा लेख आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका लेखात धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराने दर्शनी द्वाराचे काम केल्याची नोंद आहे. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखानुसार भिक्षुसंघासाठी दिलेले तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे व्याजाने ठेवले होते. हे लोक स्वतःला ‘कलावंत’ म्हणवीत नव्हते. पण त्यांचे नाव कोरण्यास वा त्यांच्या हाती धन सोपविण्यास कोणाला संकोच वाटला नाही.

संयुत्तनिकायातील गद्दुलबद्धसुत्तात तथागतांनी ‘चरण’ नावाच्या चित्राचा दाखला दिला आहे. ते चित्र चित्तानेच कल्पिलेले असून चित्त हे त्या चित्राहूनही अधिक वैचित्र्यपूर्ण आहे, असे ते सांगतात. पालीत ‘चित्त’ या एकाच शब्दाने मन आणि चित्र या दोहोंचा बोध होतो. सुत्ताचा हेतू कलामीमांसा सांगण्याचा नाही, आपल्या चित्ताचे वारंवार निरीक्षण करावे हा आहे. तरीही त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. हाताच्या प्रत्येक कृतीमागे चित्त असते. मग ती कृती अजिंठ्याच्या भिंतीवरील पद्मपाणी असो वा बुरुडाने विणलेले सूप असो.

कलेची व्याख्या यापुढेही बदलत राहील. व्याख्या अनित्य आहेत, याचे आपल्याला आश्चर्य वाटू नये. मात्र प्रत्येक नव्या व्याख्येला एक प्रश्न विचारण्याचा अधिकार आपण राखून ठेवला पाहिजे : हिच्यामुळे कोणाचे हात कलेच्या बाहेर ठेवले जात आहेत? आपल्या आजोबांनी वळलेला दोर, आजीने शिवलेली गोधडी आणि वस्तीतील हलगीचा ठेका यांना सिप्प म्हणण्यास पाली भाषेची आडकाठी नाही. ती आपल्या मनात उरली असेल, तर दूर करण्याचे काम आपले आहे.