लिमोन सेर्रानो : लिंबाची डोंगरी कोशिंबीर

मंडळी, आपल्या पानात लिंबाची जागा ठरलेली. डावीकडे, मिठाशेजारी, एक फोड. पिळायची आणि साल बाजूला टाकायची. पण लिंबं सोलून, काकडीसारखी चिरून, वर डुकराच्या मांसाचे तळलेले तुकडे आणि अंडं घालून वाडगाभर खायची असं कुणी सांगितलं तर? स्पेनच्या पश्चिमेला सालामांका प्रांतातल्या डोंगरी गावांत हेच करतात आणि त्याला 'लिमोन सेर्रानो' म्हणतात. सेर्रानो म्हणजे डोंगराकडचा.

हा डोंगराळ भाग म्हणजे सिएर्रा दे फ्रान्सिया. नावात फ्रान्स असला तरी आहे स्पेनमध्येच! उत्तरेला सालामांकाचं थंड, उघडं पठार आणि दक्षिणेला खोल दऱ्या. या दऱ्यांत थंडी कमी पोचते, म्हणून पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत ऑलिव्ह, द्राक्षं, चेरी आणि आडोशाच्या जागी लिंबं-संत्रीही होतात. दक्षिणेच्या लास उर्देस भागातही अशीच लिंबाची कोशिंबीर करतात.

आता लिंबाशी मांसाची गाठ कशी पडली ते पाहू. या गावांत थंडीच्या सुरुवातीला घरोघरी डुक्कर मारायची रीत होती. तिला 'मातान्सा' म्हणतात. आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी करतात तशी ही वर्षभराची बेगमी. मांड्यांचा खारवलेला हामोन, आणि बारीक मांसात मीठ, लसूण व पिमेंतोन घालून आतड्यात भरलेला चोरिझो. हिवाळ्यात बागेत हिरवं फारसं काही नाही, पण लिंबं-संत्री नेमकी तेव्हाच पिकलेली. घरात जे आहे ते एका वाडग्यात आलं, इतकं साधं गणित आहे. ला अल्बेर्का गावात तर १३ जूनला एक डुक्कर गावात मोकळं सोडतात, सगळं गाव त्याला खाऊ घालतं आणि १७ जानेवारीला, संत अँथनीच्या दिवशी, त्याची सोडत निघते.

या वाडग्यातल्या बऱ्याच गोष्टी लांबून आलेल्या आहेत. लिंबं आणि आंबट संत्री अरबांबरोबर स्पेनमध्ये पोचली. संत्र्याला स्पॅनिशमध्ये 'नारांखा' म्हणतात. आपलं नारिंग, फारसी-अरबी वाटेने गेलेलं! आणि हे पिवळं, जाड सालीचं लिंबू मुळात आंबट संत्रं आणि महाळुंग यांच्या संकरातून झालं आहे. पिमेंतोन म्हणजे लाल मिरचीची पूड. ती मिरची अमेरिकेतून आली. पोर्तुगीजांनी तीच गोव्याला आणली आणि गोव्याचा चौरीस हा चोरिझोचा भाऊच म्हणायचा. मात्र गोव्याच्या चौरीसात व्हिनेगर आणि तिखट भरपूर असतं, त्यामुळे तो या कोशिंबिरीत घातला तर आंबटावर आंबट होतं. आमच्या मते इथे स्पॅनिशच हवा.

कृती अवघड नाही. चार जणांना तीन मोठी पिवळी लिंबं आणि दोन संत्री पुरतात. (कागदी लिंबू नको, त्यात रसच जास्त आणि गर कमी.) सुरीने साल काढताना आतला पांढरा भाग पूर्ण निघाला पाहिजे, सगळा कडूपणा त्यातच असतो. इथे कंटाळा केलात तर पुढचं सगळं फुकट. फोडींवर मीठ, बारीक चिरलेली लसणीची पाकळी आणि चमचाभर लाल वाइन घाला. मग शंभर-सव्वाशे ग्रॅम चोरिझोचे तुकडे थोड्या ऑलिव्ह तेलात परता. लालभडक तेल सुटतं, ते तुकड्यांसकट गरमच फोडींवर ओता. आपल्या कोशिंबिरीवरची फोडणीच ही! वर अंडं : कुणी उकडलेलं घालतात, कुणी तळलेलं. घराघरांत फरक आहे. आम्हाला तळलेलं आवडतं, कारण मऊ बलक फोडींवर पसरला की लिंबाचा आंबटपणा एकदम खाली येतो. चरबी, मीठ आणि आंबट यांचा तोल हेच या पदार्थाचं सगळं कसब.

आपल्यातली बरीच मंडळी डुकराचं मांस खात नाहीत. त्यांनी ऑलिव्ह तेलात लसूण परतून, भांडं खाली उतरवून मग त्यात धुरावलेलं पिमेंतोन घालावं (आपल्या तिखटासारखंच ते पटकन करपतं). रंग आणि धुराचा वास येतो. ही कोशिंबीर चांगली लागते, पण तिला सेर्रानो म्हणू नये असं आमचं मत. गरोदर बायकांनी कच्चा मुरवलेला चोरिझो किंवा हामोन टाळावा, पूर्ण शिजवलेला चालतो. अंड्याचा बलकही घट्ट होऊ द्यावा.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर या डोंगरांतली माणसं कामासाठी माद्रिद, बिल्बाओ, जर्मनी, स्वित्झर्लंडला गेली आणि गावं रिकामी होत गेली. मोगार्राझ गावात १९६७ मध्ये ओळखपत्रांसाठी गावकऱ्यांचे फोटो काढले होते. त्याच गावचे चित्रकार फ्लोरेन्सियो माइयो यांनी त्यावरून ३८८ चेहरे रंगवले आणि २०१२ मध्ये ते त्या त्या घरांच्या भिंतींवर लागले. गेलेल्यांचे, वारलेल्यांचे, सगळ्यांचे. काही महिन्यांसाठी लावलेले ते चेहरे गावाने उतरवलेच नाहीत. स्पेनची सहल ठरवलीत तर समुद्रकिनाऱ्याचे दोन दिवस कमी करून इकडे जा. सालामांका शहरापासून ला अल्बेर्का साधारण ७५ किलोमीटर, मोगार्राझ तिथून अगदी जवळ.

आणि हो, वाडग्याच्या तळाशी लाल तेल, वाइन आणि लिंबाचा रस साचतो. तो टाकू नका. तिकडे जाड पावाने पुसून खातात. आमच्या घरी पोळी चालते.