कुठे आहे आणि कुणाचं आहे : कर्नेलच्या मेमरीचा हिशेब

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत आजचा विषय थोडा परका वाटेल. ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा असतो, ज्याला कर्नेल म्हणतात, त्यात मेमरी वाया कशी जाते आणि ती वाचवतात कशी, हे आज पाहायचं आहे. पण आत एक जुनाच प्रश्न आहे. वस्तू कुठे आहे आणि ती कुणाची आहे, हे दोन प्रश्न आपण नकळत एकच धरतो. ते एकच धरले की किंमत मोजावी लागते.

आधी कर्नेलचं काम समजून घेऊ. आपण एखादी फाइल उघडतो तेव्हा कर्नेल तिची नोंद ठेवतो: नाव काय, कुठल्या फोल्डरात आहे, वगैरे. अशा बारीक बारीक नोंदी सारख्या तयार होतात, सारख्या पुसल्या जातात. त्यांना ऑब्जेक्ट म्हणतात. आपण नोंदच म्हणू. अडचण अशी की मेमरी मिळते पानापानाने, एक पान बहुधा ४,०९६ बाइटांचं, आणि नोंद असते शे-दोनशे बाइटांची. एका नोंदीला अख्खं पान देणं म्हणजे पायलीभर धानासाठी अख्खी ढोली अडवणं.

१९९४ साली सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जेफ बॉनविक यांनी यावर 'स्लॅब' ही रीत मांडली. एका जातीच्या, एका मापाच्या नोंदींसाठी पानाचे आधीच सारखे खण पाडून ठेवायचे. नोंद आली की खण द्यायचा, पुसली की तोच खण पुढच्या नोंदीला. १९२ बाइटांची नोंद असेल तर एका पानात २१ खण बसतात आणि फक्त ६४ बाइट उरतात. लिनक्सनेही ही रीत घेतली.

मग गरज बदलली. एकाच मोठ्या यंत्रावर अनेकांची कामं चालू लागली. प्रत्येक कामाचा एक गट, प्रत्येक गटाला मेमरीची मर्यादा. कुणी किती वापरली याचा हिशेब हवा, नाहीतर एक जण सगळ्यांची मेमरी खाऊन बसेल. मागणी रास्तच होती. लिनक्सने उपाय केला तो असा: प्रत्येक गटाची ढोलीच वेगळी. या पानात फक्त या गटाच्या नोंदी. हिशेब सोपा झाला, पान ज्याचं त्यातलं सगळं त्याचं.

आता आकडा मांडून बघा. दहा गट आहेत, प्रत्येकाला पाच-पाच नोंदी हव्यात. नोंदी झाल्या ५०, त्यांना लागतात ९,६०० बाइट. पण प्रत्येकाचं पान वेगळं, म्हणून पानं दहा, म्हणजे ४०,९६० बाइट. पाऊण हिस्सा रिकामा! आणि हे रिकामे खण दुसऱ्याला देता येत नाहीत, कारण मध्ये कुंपण आहे. बरं, कर्नेलच्या अशा नोंदी लिनक्समध्ये डिस्कवर सरकवून ठेवण्याचीही सोय नाही. दोन जीबीच्या जुन्या संगणकावर काम करणाऱ्याला विचारा, अडलेली मेमरी म्हणजे काय ते.

फेसबुकमधले अभियंते रोमन गुश्चिन यांनी हे कुंपण काढलं. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.९ मध्ये त्यांचं काम सामील झालं. पानं सगळ्यांना सामाईक, पण प्रत्येक खणामागे एक चिठ्ठी: ही नोंद अमुक गटाची. आपल्या उदाहरणात ५० नोंदी तीन पानांत बसतात. चिठ्ठीला खणामागे ८ बाइट धरले तर ६३ खणांचे ५०४. एकूण १२,७९२ बाइट, आधीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. प्रत्यक्ष सर्व्हरांवरही स्लॅबच्या मेमरीत एक तृतीयांशाहून जास्त बचत नोंदली गेली.

यातली दुसरी खुबी गट बंद पडल्यावर दिसते. काम संपलं तरी त्याच्या काही नोंदी मागे राहतात. मग त्या कुणाच्या? चिठ्ठी त्या गटाऐवजी वरच्या गटाकडे वळवायची, बस. नोंद जागची हलत नाही. सातबाऱ्यावर वारसाचा फेरफार होतो तेव्हा शेत कुठे हलतं?

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना यात न्यायदर्शनातला भेद दिसतो. 'जमिनीवर घडा आहे' यात संयोग हा संबंध आहे. 'हे धन चैत्राचं आहे' यात स्वस्वामिभाव. धन घरात असो की परगावी ठेवलेलं, चैत्राचा त्याच्याशी असलेला संबंध बदलत नाही. जुन्या रचनेत स्वस्वामिभाव सांभाळण्यासाठी संयोगाची भिंत बांधली होती. हिशेबासाठी भिंत लागतच नाही, खरी नोंद लागते.

आपल्या गडचिरोलीत याचं माणसांतलं उदाहरण आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०१३ मध्ये गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला. ग्रामदानात जमिनीची मालकी ग्रामसभेची, पण कोणतं शेत कोण कसतं हे ठरलेलं. सामाईक म्हणजे बेहिशेबी नव्हे. उपमा इथवरच ताणावी. गावात माणसं बसून ठरवतात, कर्नेलमध्ये नियमच ठरवतो.

आणि कुंपण नेहमीच व्यर्थ असतं असंही नाही. शेजारच्या खणात परक्याची नोंद असेल आणि एखाद्या प्रोग्रॅमची चूक खणाबाहेर लिहू लागली, तर नुकसान शेजाऱ्याचं होतं. म्हणून वेगवेगळ्या जातींच्या सारख्या मापाच्या नोंदी एकाच ढोलीत घालणं बंद ठेवण्याची सोय लिनक्समध्ये आहे. सुरक्षेसाठी काही जण ती वापरतात, थोडी मेमरी वाया गेली तरी चालेल म्हणतात. तेव्हा प्रत्येक कुंपणाला विचारायचं: तू राखणीसाठी आहेस की नुसत्या मोजणीसाठी? राखणीचं असेल तर त्याची किंमत जाणून ठेवावं. मोजणीचं असेल तर चिठ्ठी पुरते.

आता तुमचे प्रश्न घेऊ.