पेपर कोणाकडचा? एकच बातमी दोन ठिकाणी वेगळी का दिसते

पारावर पेपर वाचताना 'हा पेपर त्यांच्याकडचा आहे' असं कोणीतरी म्हणतंच. त्यात तथ्य किती, ते कांद्याच्या बातमीवरून समजून घेऊ.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर ३१ मार्च २०२४ पर्यंत निर्यातबंदी घातली. निर्णय एकच. पण तो 'ग्राहकांना दिलासा' असाही सांगता येतो आणि 'शेतकऱ्यांना फटका' असाही. दोन्हीत खोटं काही नाही. दिल्ली-मुंबईचा वाचक कांदा घेणारा, नाशिक-नगरचा विकणारा. दिलासा पहिल्या पानावर अन् बंद पडलेले लिलाव आतल्या पानावर गेले, की वाचणाऱ्याचं मत तिथंच अर्धं बनतं. बातमी कुठं ठेवली, कोणाला बोलतं केलं, कोणाला वगळलं, यातच पेपरचा कल दिसतो.

उघड आणि झाकलेला कल

काही पेपर उघडच पक्षाचे. 'नॅशनल हेराल्ड' १९३८ साली पंडित नेहरूंनी सुरू केला, 'सामना' १९८८ साली बाळासाहेब ठाकरेंनी. वाचक ते धरूनच वाचतो. अडचण येते ती कल न सांगणाऱ्या पेपरची. छापील किमतीत खर्च निघत नाही, भार जाहिरातींवर असतो. त्यात सरकारी जाहिरातीही आल्या. मग जाहिरात देणाऱ्याविरुद्ध लिहिताना हात आखडतो.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत तर राज्यातल्या एकमेकांशी स्पर्धा असलेल्या पेपरांत नेत्याच्या स्तुतीचा एकच मजकूर शब्दशः छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त ते दाखवून दिलं. पुढं 'पेड न्यूज'चा विषय प्रेस कौन्सिलपर्यंत गेला.

वाचकावर परिणाम काय?

पक्कं मत असलेला माणूस पेपर वाचून सहसा पक्ष बदलत नाही. उलट आपल्या मताचाच पेपर निवडतो. पण कोणता प्रश्न मोठा, हे पेपर ठरवतो. भाव, पीकविमा, पाणी सतत आतल्या पानावर राहिलं, तर प्रचारातही ते मागंच पडतं.

वाचताना एवढं बघा

१) पानाच्या तळाला बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादकांची नावं असतात. ती वाचा.

२) अग्रलेख म्हणजे मत, बातमी नव्हे. कोपऱ्यात 'जाहिरात' असं लिहिलंय का, तेही बघा.

३) मोबाईलवर आलेल्या कात्रणावर थांबू नका. तोच विषय दुसऱ्या पेपरात वाचा.

कांदा चाळीत ठेवायचा की बाजारात न्यायचा, हे कोणी एका मथळ्यावर ठरवत नाही. मत कोणाला द्यायचं, हेही ठरवू नये.