मोजा कोंबण्याआधी: बँजोच्या नकोशा झंकाराविषयी

मागून उघडा असलेला पाच तारांचा बँजो नव्याने हाती घेणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. सूर छेडला की त्याच्यासोबत आणखी काहीतरी किणकिणते, आणि तार बोटाने थांबवली तरी ते मागे रेंगाळत राहते. यावरचा सल्लाही ठरलेला: एक जुना मोजा घ्या आणि पानाच्या मागे कोंबा. मोज्याने किणकिण कमी होते हे खरे, पण बऱ्याचदा वाद्याचा जीवही त्याच्याबरोबर जातो. किणकिण येते कुठून, हे न शोधताच हा इलाज केला जातो आणि त्याच्या मुळाशी काही पक्के गैरसमज आहेत.

आधी एक खुलासा हवा. महाराष्ट्रात गणपतीच्या मिरवणुकीत आणि हळदीत 'बँजो पार्टी' वाजते. तिच्यातला कळांचा बँजो हे वेगळे वाद्य, म्हणजे बुलबुल तरंग. जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता यांनी 1912 साली तयार केलेला ताइशोगोतो हा त्याचा पूर्वज. इथे बोलायचे आहे ते अमेरिकन बँजोबद्दल: लाकडी कड्यावर ताणलेले पान, पानावर उभी घोडी आणि घोडीवरून गेलेल्या तारा. त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेत आहे. गुलाम म्हणून अटलांटिकपार नेलेल्या माणसांनी भोपळा आणि कातडे वापरून ही वाद्ये तिकडे पुन्हा घडवली.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर, हा वाद्यातला बिघाड आहे. ताणलेल्या तारेचे उपस्वर मूळ कंपनसंख्येच्या जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट असतात, म्हणून ते कानाला एकाच सुरात मिसळलेले वाटतात. गोल पानाचे तसे नसते. साध्या, सगळीकडे सारख्या जाडीच्या पानाचे उपस्वर 1.59, 2.14, 2.30 अशा आडनिड्या पटींत येतात. तबल्याच्या पुडीवर शाई चढवली जाते आणि त्या वजनाने हेच उपस्वर सुरेल पटींत येऊन बसतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 साली 'नेचर' या नियतकालिकात हे दाखवून दिले. बँजोच्या पानावर शाई नसते. त्यामुळे त्याच्या आवाजात एक रांगडी, धातूसारखी धार कायम असते आणि बँजो ओळखू येतो तो तिच्यामुळेच. ती धार पूर्ण घालवणे हे उद्दिष्ट असूच नये. घालवायची ती फक्त वाजवलेल्या सुराशी भांडणारी किणकिण.

उघड्या पाठीवर ठेवला जाणारा ठपका तर अगदीच चुकीचा आहे. मागे रेझोनेटर, म्हणजे लाकडी ताटली, बसवली की आवाज समोर फेकला जातो आणि मोठा व चकचकीत होतो. उपस्वर त्याने नाहीसे होत नाहीत. उघड्या पाठीमुळे बदलते ते कड्याच्या आतल्या हवेचे वागणे. डेव्हिड पोलित्झर यांना 2004 साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते मूलकणांवरील संशोधनासाठी, पण बँजोचाही त्यांनी तितक्याच आस्थेने अभ्यास केला आहे. कड्याची खोली तेवढी वेगळी आणि बाकी सारखे, असे बँजो घेऊन त्यांनी आतल्या हवेचा परिणाम मोजला. वादकही हे सहज अनुभवू शकतो: वाद्य पोटाशी घट्ट धरून वाजवावे, मग दोन बोटे दूर धरून वाजवावे. फरक लगेच कळतो, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

मग दोषी कोण? बहुतेकांचा संशय पानावर जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा किणकिणत असतो तो घोडीच्या मागचा भाग, म्हणजे घोडी ते टेलपीस (तारांची टोके अडकवलेली पट्टी) हा तारांचा छोटा तुकडा. त्याला कोणी छेडत नाही, पण घोडी हलली की तोही हलतो. तारेची वाजणारी लांबी 26 इंच आणि मागचा तुकडा सव्वातीन इंच धरला, तर तो आठवा भाग झाला. ताण सारखा असेल तर तो तीन सप्तके वर वाजणार. पहिली तार साधारण 294 हर्ट्झला लावलेली असते. तिचा तुकडा 2350 हर्ट्झच्या आसपास बोलतो. माणसाचा कान ज्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, तिथेच ही किणकिण पडते.

खात्री करून घेणे सोपे आहे. डाव्या हाताच्या बोटांची पेरे घोडीमागच्या तारांवर अलगद ठेवावीत आणि उजव्या हाताने मोकळी तार छेडावी. झंकार गेला, तर चोर सापडला. फेल्टची, मऊ चामड्याची किंवा सुती कापडाची बोटभर रुंद पट्टी एका तारेच्या वरून, पुढच्या तारेच्या खालून अशी विणावी आणि घोडीपासून थोडी दूर ठेवावी. ती घोडीला टेकली, तर घोडीचेच कंपन दबते आणि आवाज बसतो. बोटे ठेवूनही झंकार कायम राहिला, तर बाकीच्या तारा तळव्याने दाबून एकच तार वाजवावी. 'ओपन जी' या तारा लावण्याच्या पद्धतीत सगळ्या तारा एकाच स्वरमेळातल्या असल्यामुळे त्या सतारीच्या तरफांसारख्या आपोआप जाग्या होतात. तिथे कापड कामाचे नाही. हाताला तारा वेळेवर दाबायची सवय लावणे, हाच त्यावर उपाय.

पान आणखी ताणले की झंकार जातो, हा समजही टिकत नाही. ताण वाढला की पानाचे उपस्वर वर सरकतात आणि आवाज आणखी टणक होतो. खरा त्रास असमान ताणाचा असतो. पानाची काही कंपने जोडीने येतात. ताण सगळीकडे सारखा असेल तर जोडीतले दोघे एकाच सुरात राहतात. एका बाजूला पान ढिले पडले की त्यांच्यात थोडे अंतर पडते आणि आवाज डुलू लागतो. पान ताणून धरणाऱ्या प्रत्येक हुकाजवळ, कडेपासून इंचभर आत, बोटाने टिचकी मारून सूर ऐकावा. जिथे उतरलेला वाटेल तिथला नट पान्याने थोडासाच फिरवावा आणि मग समोरच्या बाजूचा तपासावा. ढोल किंवा तबला लावणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

जुन्या ध्वनिमुद्रणांसारखा मऊ, खोलगट आवाज हवा असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डॉक बॉग्ज किंवा अंकल डेव्ह मेकन या बँजोवादकांनी 1920 च्या दशकात ध्वनिमुद्रणे केली, तेव्हा प्लास्टिकचे पान अस्तित्वातच नव्हते. वाद्यांसाठी मायलरची पाने 1950 च्या दशकात आली. रेमो कंपनी 1957 सालची. वासराच्या कातड्यात कंपन लवकर विरते, म्हणून वरचे उपस्वर फार काळ टिकत नाहीत. मात्र दमट हवेत कातडे ढिले पडते. पावसात भिजलेल्या ढोलाचे पान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे ठाऊक आहे. कातड्यासारखा खरखरीत पृष्ठभाग असलेली कृत्रिम पाने हा मधला मार्ग आहे आणि तो चांगला आहे. थोडी जड घोडी किंवा पोलादीऐवजी नायलगट या कृत्रिम धाग्याच्या तारा यांनीही धार बोथट होते. आवाजही थोडा कमी होतो, हे मान्य करूनच त्या बसवाव्यात.

आणि मोजा? त्याला जागा आहे, पण शेवटची. कड्याच्या आतून आडवा गेलेला दांडा आणि पान यांच्यामध्ये, मानेच्या बाजूला, कापडाची सैल घडी पानाला जेमतेम टेकेल इतकीच ठेवावी. गच्च कोंबली तर पान वर उचलले जाते, घोडी वर येते, तारांची उंचीही बदलते. थेट घोडीखाली ठेवली तर आवाज पुरता बसतो. बँजो नवा असो वा जुना, पैसे खर्च करण्याआधी बोटांची चाचणी करावी, मग पानाचा ताण सारखा करावा, मग पट्टी विणावी. पट्टी पटली नाही, तर तार न सोडवता ती ओढून काढता येते.