झुंजार नव्हे, तपास अधिकारी

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांनी मराठी वाचकांना रात्र-रात्र जागवले. परंतु १९७६-७७ मध्ये जोशी-अभ्यंकर हत्याकांडाच्या दहशतीने कसबा पेठेसह अवघे पुणे दिवेलागणीलाच दारे लावू लागले, तेव्हा कोणी झुंजार धावून आला नाही. संशयित तरुणांच्या जबाबांतील विसंगती पोलिसांनी हेरली. त्यांतील एक माफीचा साक्षीदार झाला. तोवर दहा जीव गेले होते.

स्वीडनच्या मै श्योवाल व पेर वालो यांच्या मार्टिन बेक मालिकेतील दहा कादंबऱ्यांतही (१९६५ ते १९७५) तपास असाच चालतो : कंटाळवाण्या चौकश्या, चुकलेले अंदाज, थकलेले अधिकारी. वास्तववादी पोलीसकथांची ओढ यातच आहे. न्याय चमत्काराने नव्हे, सामान्य माणसांच्या चिकाटीने मिळतो, हा दिलासा भ्यालेल्या मनाला अधिक टिकाऊ वाटतो.