खेळयंत्रातील फेरफार आणि बंदीचा धोका

मोटारीला नवा रंग दिला, चाके बदलली, तरी तिच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक तोच राहतो. दूरचित्रवाणी संचाला जोडून ज्यावर खेळ खेळतात, त्या 'गेम कन्सोल' नामक यंत्राचेही असेच आहे. कारखान्यातून बाहेर पडतानाच त्याला स्वतःची एक ओळख मिळते. मालकाने आतील रचनेत फेरफार केला, तरी ती ओळख यंत्राबरोबरच राहते.

मायक्रोसॉफ्ट कंपनीचे एक्सबॉक्स ३६० हे यंत्र २००५ साली बाजारात आले. त्यात खेळाची तबकडी घातली, की यंत्र ती वाचणाऱ्या भागाला, म्हणजे ड्राइव्हला, काही ठरावीक प्रश्न विचारी. तबकडी अस्सल असेल तरच योग्य उत्तरे येत. काही लोकांनी ड्राइव्हमधील आज्ञावलीच बदलली. मग नक्कल केलेली तबकडीही अस्सल असल्याची ग्वाही ड्राइव्ह देऊ लागला. साक्षीदारच फितल्यावर न्यायाधीशाने काय करावे?

घरात एकटे असताना यंत्र असे फसत असे. परंतु दूरच्या खेळाडूंशी सामना करावयाचा, तर इंटरनेटद्वारे कंपनीच्या मध्यवर्ती संगणकांशी जोडणी करावी लागे. तेथे आपली ओळख देऊन तपासणीस सामोरे जावे लागे. नोव्हेंबर २००९ मध्ये कंपनीने फेरफार केलेल्या असंख्य यंत्रांची जोडणी एकाच सुमारास तोडली. वृत्तपत्रांतील अंदाज दहा लाखांपर्यंत गेले. यंत्र महिनोन्महिने सुरळीत चालले, म्हणजे ते तपासणीतून सुटले असे नव्हे, हा या घटनेचा धडा होय.

निन्टेन्डो कंपनीच्या स्विच या २०१७ सालच्या यंत्रात ही व्यवस्था अधिक काटेकोर झाली. प्रत्येक यंत्रात व खेळाच्या प्रत्येक कार्डात स्वतंत्र संख्यारूप प्रमाणपत्र असते. असे नवे प्रमाणपत्र बनविणे गणिती गुप्तलेखनामुळे व्यवहारतः अशक्य असते. फार तर एखाद्याची नक्कल करता येते. एका कार्डाचे प्रमाणपत्र दोन यंत्रांतून एकाच वेळी सादर झाले, तर ती नक्कल उघडकीस येऊ शकते. एप्रिल २०१८ मध्ये स्विचच्या प्रारंभिक आज्ञावलीतील एक दोष जाहीर झाला. ती आज्ञावली चिपमध्ये कायमची कोरलेली असल्याने, विकलेल्या यंत्रांतील दोष कंपनीलाही दूर करता येईना. यंत्राचे दार असे उघडे राहिले. जोडणीचे दार मात्र कंपनीच्याच हाती होते, आणि त्याच वर्षी ते अनेक यंत्रांना बंद झाले.

फेरफार करणारा प्रत्येक जण खेळांची चोरी करतो असे नाही. स्वतः रचलेला कार्यक्रम चालवून पाहावा, यंत्राची घडण समजून घ्यावी, एवढीच कित्येकांची इच्छा असते. परंतु तपासणीला बदल दिसतो. हेतू दिसत नाही. बंदी आलेले यंत्र घरात चालते, पण दूरचे सामने आणि कंपनीचे इंटरनेटवरील दुकान त्याला मुकतात.

या दंडाचा भार नेहमी फेरफार करणाऱ्यावरच पडतो असेही नाही. २००९ नंतर बंदी आलेली यंत्रे जुन्या मालाच्या बाजारात विक्रीस आली. विकणारा आपले खाते दुसऱ्या यंत्रावर नेऊ शके. बंदी मात्र यंत्रासोबत नव्या मालकाच्या घरी जाई. हा दोष बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून जुने यंत्र घेताना पैसे देण्यापूर्वी ते इंटरनेटला जोडून पाहावे. आणि प्रयोगच करावयाचा असेल, तर ज्याची जोडणी कायमची गेली तरी चालेल, असेच यंत्र त्यासाठी निवडावे.