टाइल्सवरची पांढरी रेघ
फार्महाऊसच्या पोहण्याच्या तलावात बोअरचं पाणी भरलं, की काही महिन्यांत पाण्याच्या पातळीला टाइल्सवर पांढरी, खरखरीत रेघ उमटते. हे कॅल्शियम कार्बोनेट. उन्हाने पाणी उडतं, क्षार मागे राहतात. वरून पुन्हा बोअरचंच पाणी सोडलं, की ते वाढतच जातात. थर धरतो तो मुख्यतः पीएच चढल्यावर. म्हणून पीएच 7.2 ते 7.6 मध्ये राखा, आठवड्यातून दोनदा तरी तपासा. कॅल्शियमचं काठिण्य लिटरला 400 मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर थोडं पाणी काढून साठवलेलं पावसाचं पाणी भरणं हाच खरा उपाय. ब्लीचिंग पावडर टाळलेली बरी, तिच्यातही कॅल्शियम असतं. वापर नसताना तलाव झाकून ठेवा. रेघ कोवळी असेल तर व्हिनेगरच्या फडक्याने निघते. तारेची घासणी मात्र नको, टाइल्सची चकाकीच जाते.